धरणाखालचा समुद्र आणि मॅट्रिक्सची गोळी

रविवारी सिंहगड रस्त्याने निघालेली गर्दी कणीस आणि कांदाभजीच्या ओढीने खडकवासल्याच्या धरणापाशी थांबते. धरणाच्या थोडं अलीकडे, झाडीत दडलेल्या मोठाल्या शेडांमध्ये चक्क समुद्राच्या लाटा उसळत असतात, हे त्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असतं.

हे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, 'सीडब्ल्यूपीआरएस'. १९१६ साली मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासासाठी ते सुरू झालं आणि पुढच्या दशकात खडकवासल्याला आलं. इथे बंदरं, नद्या, धरणांचे सांडवे छोट्या आकारात बांधतात, त्यात पाणी सोडतात आणि खऱ्या बंदराचं किंवा खऱ्या धरणाचं पुढे काय होणार, ते आधीच पाहून घेतात.

आपण ज्याला वास्तव म्हणतो ते कुणीतरी मांडलेलं मॉडेल असेल तर? आणि पुढचं आधी कळलं, तर ते बदलणं आपल्या हातात असतं का? सायन्स फिक्शन सिनेमाचे हे दोन सगळ्यात लाडके प्रश्न. ते समजून घ्यायला हॉलिवूडपेक्षा खडकवासला जवळ आहे, आणि मला तर जास्त उपयोगाचंही वाटतं.

वादळ मागवून मिळेल

'द ट्रुमन शो' (१९९८) आठवतो? जिम कॅरीचा ट्रुमन ज्या गावात राहतो ते गाव, आकाश आणि समुद्र सगळं एका प्रचंड घुमटाखाली उभारलेलं असतं. तो होडी घेऊन पळू लागतो तेव्हा त्याचं आयुष्य टीव्हीवर दाखवणाऱ्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक वरून हुकूम सोडतो आणि समुद्रात वादळ उठतं. (शूटिंगसाठी मात्र खोटं गाव बांधावं लागलं नाही. फ्लोरिडातलं सीसाइड हे खरोखरचं गावच इतकं चित्रासारखं होतं की त्यावर भागलं.)

वादळ मागवण्याचं यंत्र कल्पनेतलं नाही. बंदराच्या मॉडेलमध्ये सिमेंटने समुद्राचा तळ घडवलेला असतो, चढउतारांसकट. वर जेमतेम घोट्याएवढं पाणी. एका टोकाला एक लांब फळी मागेपुढे हलते आणि हव्या त्या उंचीची लाट हव्या त्या अंतराने सोडते. समोर मुठीत मावतील अशा दगडांचा बांध, म्हणजे लाटा अडवणाऱ्या भिंतीची छोटी आवृत्ती. अशा प्रयोगात दगडांना पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळे रंग देण्याची पद्धत आहे. 'वादळ' ओसरलं की लाल दगड पिवळ्यांच्या पट्ट्यात किती घरंगळले ते मोजायचं. या मोजणीवरून खऱ्या किनाऱ्यावर किती टनांचा दगड टाकायचा ते ठरतं.

म्हणजे लाट खोटी, समुद्र खोटा, वादळ खोटं. त्यातून निघालेला निर्णय मात्र शंभर टक्के खरा. ट्रुमनबद्दल हेच म्हणता येईल. त्याचा सूर्य दिवा होता, शेजारी नट होते, पण त्याची भीती आणि पळून जायचा निश्चय या दोन गोष्टी कुणी लिहून दिल्या नव्हत्या.

'इन्सेप्शन'चं गणित मॉडेलच्या टाकीत

आता माझी सगळ्यात आवडती गंमत. छोट्या मॉडेलमध्ये वेळसुद्धा छोटी होते! पाण्याच्या अशा प्रयोगांना विल्यम फ्राऊड या ब्रिटिश अभियंत्याच्या नावाचा नियम लागू होतो. आकार जितक्या पटींनी लहान, त्याच्या वर्गमुळाइतक्या पटींनी घडामोडी वेगवान. १००ला १ या प्रमाणातलं मॉडेल असेल, तर वेळ १० पट भरभर सरते. खऱ्या नदीतला एक तासाचा पूर मॉडेलमध्ये ६ मिनिटांत येऊन जातो.

क्रिस्टोफर नोलनच्या 'इन्सेप्शन' (२०१०) मध्ये स्वप्नातली वेळ अशीच चालते. जागेपणीची ५ मिनिटं म्हणजे स्वप्नातला एक तास, म्हणजे १२ पट. फ्राऊडच्या हिशेबाने हे झालं १४४ला १ प्रमाणातलं मॉडेल. पुढे चित्रपटात जास्त कडक औषध येतं आणि वेग २० पटींवर जातो. आता मॉडेल ४००ला १.

स्वप्नात स्वप्न, त्यात आणखी स्वप्न असे तीन थर झाले की २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,००० पट. विमानातली १० तासांची झोप तिसऱ्या थरात ८०,००० तासांची होते. वर्षांत मोजलं तर ९ वर्षं आणि वर थोडे दिवस. चित्रपटातलं पात्र ढोबळपणे १० वर्षं सांगतं. पटकथेचं गणित चोख आहे, हे कागदावर करून पाहिलं की फार समाधान वाटतं.

'इंटरस्टेलर' (२०१४) मध्ये एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. तिथे कारण गुरुत्वाकर्षणाचं आहे, पाण्याचं नाही. तरी निव्वळ गंमत म्हणून तोच नियम लावून पाहा. ७ वर्षं एका तासात उरकणारं मॉडेल हवं असेल, तर आकार सुमारे ३७५ कोटी पटींनी लहान करावा लागेल. मग अख्खी पृथ्वी उरेल ज्वारीच्या दाण्याएवढी.

खरं कळावं म्हणून केलेली लबाडी

मॉडेल हुबेहूब असून चालत नाही, हे अनेकांना पटत नाही. समजा बंदर मोठं आहे आणि प्रमाण ४००ला १ घ्यावं लागलं. १० मीटर खोल पाणी मॉडेलमध्ये उरेल अडीच सेंटिमीटर. इतक्या पातळ थरात पाण्याचा पृष्ठताण आणि तळाचं घर्षण वरचढ होतं आणि ते समुद्रासारखं वागतच नाही. म्हणून अभियंते लांबीरुंदीला एक प्रमाण लावतात आणि खोलीला दुसरं, समजा १००ला १. खाडी प्रमाणाबाहेर खोल दिसते, पण आता प्रवाह बरोबर वाहतात. भरती-ओहोटीचा सव्वाबारा-साडेबारा तासांचा फेरा अशा मॉडेलमध्ये १९ मिनिटांत आटोपतो.

हुबेहूब दिसणं वेगळं आणि खरं वागणं वेगळं. सिम्युलेशनवरच्या चित्रपटांत पात्रं भिंतीला हात लावून 'हे खरं आहे का' म्हणतात, तेव्हा मला ही खोल केलेली खाडी आठवते.

मॉडेलांची उतरंडही या केंद्रात आहे. सिमेंट-पाण्याच्या मॉडेलसोबत आता संगणकातली गणिती मॉडेलं चालतात आणि दोन्हींचे निकाल एकमेकांशी ताडून पाहतात. 'द थर्टीन्थ फ्लोअर' (१९९९) मध्ये संगणकात जग घडवणाऱ्या माणसांना कळतं की आपलं जगही कुणाच्यातरी संगणकात आहे. मूळ कादंबरी १९६४ ची, डॅनियल गॅलॉय यांची. जर्मन दिग्दर्शक फासबिंडरने १९७३ मध्येच तिच्यावर टीव्हीसाठी दोन भागांचा चित्रपट केला होता. 'मॅट्रिक्स'च्या २६ वर्षं आधी! आपलं जग सिम्युलेशन असू शकतं, हा तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांचा प्रसिद्ध युक्तिवाद त्यामानाने अगदी अलीकडचा, २००३ चा.

मॅट्रिक्सचा हिरवा पाऊस

'द मॅट्रिक्स' (१९९९) च्या पडद्यावर झरणारी हिरवी अक्षरं म्हणजे मुळात जपानी पाककृती. ती घडवणाऱ्या सायमन व्हाइटली यांनीच सांगितलंय की बायकोच्या जपानी स्वयंपाकाच्या पुस्तकांतून त्यांनी ती स्कॅन केली.

नायक निओ चोरटा माल ज्या पोकळ पुस्तकात लपवतो, ते फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांचं, नकलेने अस्सलाची जागा कशी घेतली यावरचं. पुस्तकही आतून खोटंच! तिसऱ्या भागातल्या अंतिम लढाईत वाजणाऱ्या वृंदगायनात बृहदारण्यक उपनिषदातली संस्कृत प्रार्थना आहे.

पण खरा तात्त्विक ठोसा एका फुलदाणीचा. भविष्य सांगणारी बाई निओला म्हणते, फुलदाणीची काळजी करू नकोस. कुठली फुलदाणी, म्हणून तो वळतो आणि धक्का लागून ती फुटते. ती बोललीच नसती तर फुटली असती का, हा प्रश्न ती त्याच्यावर सोडून देते.

स्वप्नात दिलेला शब्द

भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. पहिला मराठी बोलपट प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२), आणि त्यातही हाच हरिश्चंद्र. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत हरिश्चंद्र विश्वामित्राला राज्य देतो ते स्वप्नात. सकाळी उठून तो ते खरोखर देऊन टाकतो. 'इन्सेप्शन'चे लोक स्वप्न की जाग हे ओळखायला भोवरा फिरवतात. हरिश्चंद्राला भोवरा लागत नाही. शब्द दिला ना, मग तो कुठल्या थरात दिला हे तो विचारतच नाही. आभासात केलेल्या कृतीची जबाबदारी घ्यायची की नाही, या प्रश्नाला याहून रोखठोक उत्तर देणारा नायक मला कुठल्याच सायन्स फिक्शनमध्ये भेटलेला नाही.

चेंडू पडला नाही, कारण झेलला

'मायनॉरिटी रिपोर्ट' (२००२) मधलं साल २०५४. तीन भविष्यवेत्त्यांच्या जोरावर पोलीस खून होण्याआधीच खुन्याला पकडतात. एक अधिकारी हरकत घेतो, की ज्याने अजून काही केलंच नाही त्याला शिक्षा कशी? टॉम क्रूझ टेबलावरून एक चेंडू त्याच्याकडे घरंगळवतो आणि तो झेलतो. का झेललास? पडला असता म्हणून. पण पडला तर नाही ना! मग 'पडणार होता' हे खोटं ठरतं का?

खडकवासल्यात या प्रसंगाला फार जड इतिहास आहे. १२ जुलै १९६१. वर पानशेतचं मातीचं धरण, काम अपुरं, पाणी मात्र भरत चाललेलं. धोका दिसल्यावर लष्कराचे जवान रात्रभर पोती रचत राहिले. सकाळी पानशेत फुटलं आणि ते पाणी अंगावर आल्यावर खाली खडकवासल्याचं १८७९ सालचं दगडी धरणही फुटलं. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

चेंडू पडलाच, हे खरं. पण तो मध्यरात्रीऐवजी दिवसाउजेडी पडला. झोपेत असलेल्या शहरावर येणारं पाणी आणि जाग्या शहरावर येणारं पाणी यांत किती माणसांचं अंतर असतं, ते पुणेकरांना सांगायला नको. भविष्य पूर्ण पुसता येत नाही, पण चार-सहा तास पुढे ढकलता येतं आणि त्या तासांत माणसं वाचतात. स्वातंत्र्याचं हे माप मला सगळ्यात विश्वासार्ह वाटतं.

संशोधन केंद्रातली मॉडेलंही याच जातीची आहेत. सांडवा अमुक पुरात कमी पडेल, असं मॉडेलने दाखवलं की सांडव्याचं डिझाइन बदलतात. पुढे तो पूर आला तरी सांडवा टिकतो, म्हणजे मॉडेलमधलं ते पहिलं भविष्य कधी घडतच नाही. आणि तिथेच मॉडेल यशस्वी होतं.

'मायनॉरिटी रिपोर्ट'ची मूळ गोष्ट वाचलीत तर एक धक्का बसेल. फिलिप के. डिक यांच्या १९५६ च्या कथेतला नायक शेवटी जाणूनबुजून खून करतो, म्हणजे भाकीत खरं ठरावं म्हणून. चित्रपटातला नायक बंदूक रोखूनही आपल्या मर्जीने गोळी झाडत नाही. एकच गोष्ट, पण इच्छास्वातंत्र्याबद्दलची दोन उलटी टोकं.

आणि एक योगायोग. पानशेत फुटलं त्याच १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामान चालवून पाहत होता. ०.५०६१२७ हा आकडा पुन्हा भरताना त्याने ०.५०६ एवढाच भरला आणि थोड्याच वेळात हवामान पार वेगळ्या वाटेने गेलं. नियम तेच, नशीब कुठेच नाही, तरी पुढचं सांगता येईना. 'जुरासिक पार्क' (१९९३) मध्ये जेफ गोल्डब्लूम हीच गोष्ट हातावर पाण्याचा थेंब सोडून समजावतो. थेंब दर वेळी वेगळीकडे ओघळतो.

पानिपतात गोळी चुकली असती तर

समांतर जगांची चर्चा निघाली की हल्ली सगळे 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' (२०२२) चं नाव घेतात. सात ऑस्कर मिळाले, रास्तच मिळाले. पण मराठी वाचक त्या दारातून केव्हाच आत जाऊन आलाय, जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतून.

इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना पुण्यात ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जाऊन पडतात, जिथे १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना गोळी लागतच नाही, ती चाटून जाते. मराठे जिंकतात. मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी आहे, पण मराठ्यांच्या सत्तेपुढे अंग चोरून. आझाद मैदानावर सभा चालू आहे आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्चीच नाही. त्या जगाने अध्यक्षीय भाषणं केव्हाच बंद केलीत! अध्यक्षपदाची सवय असलेले गंगाधरपंत गप्प बसतील का? खिशात बखरीचं एक पान घेऊन ते परततात, आणि परत आल्यावर स्पष्टीकरण येतं ते पुंजभौतिकीचं. इलेक्ट्रॉन अनेक वाटा घेऊ शकतो, मग जग का नाही?

ह्यू एव्हरेट याने अनेक विश्वांची ही कल्पना १९५७ साली मांडली. नारळीकरांनी ती पुण्याच्या रस्त्यावर आणली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून! अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. आयुकाच्या या संस्थापकाचं २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. गंगाधरपंतांवर मोठ्या पडद्याचा, मराठीतलाच, नीट पैसा लावलेला चित्रपट व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

सराव की युद्ध

पुन्हा खडकवासल्याला येऊ. धरणाच्या पाण्यापलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. १९४९ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरूंनी पायाभरणी केली आणि जानेवारी १९५५ मध्ये उद्घाटन झालं. पाण्याच्या त्या काठाकडे पाहताना 'एंडर्स गेम' (२०१३) हटकून आठवतो. लष्करी शाळेतली मुलं सिम्युलेटरवर लढाई खेळत असतात. शेवटची लढाई जिंकल्यावर त्यांना सांगितलं जातं की तो सराव नव्हता, तुम्ही खरोखर एक अख्खी प्रजाती संपवलीत. न कळता केलेल्या कृत्याचा दोष कुणाचा? त्या मुलांचा नायक एंडर तो स्वतःकडे घेतो.

टिळक, तुरुंग आणि आत्मस्वातंत्र्य

खडकवासल्यावरून पुढे गेलात की सिंहगड. गडावर लोकमान्य टिळकांचा बंगला आजही उभा आहे. 'गीतारहस्य' त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं ते मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीने. १९१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातलं दहावं प्रकरण आहे 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य'. प्रत्येक कर्म आधीच्या कर्माचं फळ असेल, तर माणसाला स्वतःच्या बळावर सुटायची मोकळीक उरते का? टिळकांचं उत्तर, उरते. चार भिंतींत कोंडलेला माणूस हा प्रश्न सोडवत बसलाय, यापेक्षा जबरदस्त पटकथा कुठली?

याच्या शेजारी 'अरायव्हल' (२०१६) ठेवून पाहा. परग्रहावरून आलेल्या जीवांची लिपी वर्तुळाकार आहे. ती शिकता शिकता भाषातज्ज्ञ लुईसला आपलं पुढचं आयुष्य दिसू लागतं. मुलगी होणार आणि ती तरुणपणीच जाणार. तरी लुईस त्या आयुष्याला हो म्हणते.

टेड चियांग यांच्या मूळ कथेत (१९९८) याच्या तळाशी भौतिकशास्त्र आहे, चित्रपटाने ते जवळजवळ गाळलं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६६२ मध्ये सांगितलं की दोन बिंदूंमधली कमीत कमी वेळाची वाट तो घेतो. पाण्यात त्याचा वेग सेकंदाला ३ लाखांवरून सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, म्हणून वाट मोडते. धरणाच्या पाण्यात काठी बुडवा, वाकडी दिसेल ती यामुळेच. पण गाडी इथे अडते. कमीत कमी वेळाची वाट निवडायला आधी मुक्काम ठाऊक हवा. मग निघतानाच प्रकाशाला शेवट माहीत असतो का? एकच घटना कारण-परिणामाच्या साखळीनेही समजावता येते आणि सुरुवात-शेवट एकदम धरूनही, आणि दोन्ही गणितं बिनचूक येतात. चियांगची लुईस दुसऱ्या पद्धतीने जगायला शिकते. ठरलेलंच घडतं, तरी तिचा होकार तिचाच राहतो. टिळकांनी तिच्याशी वाद घातला असता, आणि तो वाद ऐकायला मी सिंहगड चालत चढलो असतो.

आपल्या माणसांचे तीन

'फुंतरू' (२०१६) हा सुजय डहाके यांचा मराठी सायन्स फिक्शन चित्रपट. मदन देवधर आणि केतकी माटेगावकर. इंजिनिअरिंगचा मुलगा आवडत्या मुलीची होलोग्राम आवृत्ती घडवतो. तिने 'हो' म्हटलं तर ते तिचं की त्याच्या कोडचं? मराठीत हा प्रश्न विचारल्याबद्दल या चित्रपटाला मी पुष्कळ गुण देतो.

'ओके कॉम्प्युटर' (२०२१) ही वेबमालिका, पूजा शेट्टी आणि नील पागेदार यांची. विनाचालक टॅक्सी एका माणसाचा जीव घेते आणि पोलिसांपुढे पेच पडतो, अटक करायची कुणाला?

आणि 'कार्गो' (२०१९), नागपूरच्या आरती कडव यांचा. पुष्पक ६३४ए नावाचं अंतराळयान, त्यावर प्रहस्थ हा राक्षस नोकरीला. भूमिका विक्रांत मॅसीची. मेलेली माणसं यानात येतात, त्यांच्या जखमा भरल्या जातात, आठवणी पुसल्या जातात आणि पुनर्जन्मासाठी रवानगी होते, सगळं कारकुनी शिस्तीत. आठवणी पुसल्यावर पुढच्या जन्माला जाणारा तो नेमका कोण, हे प्रहस्थही विचारत नाही. चित्रपट पाहताना 'गीतारहस्या'चं दहावं प्रकरण हाताशी ठेवा, दोन्ही एकमेकांशी छान भांडतात.